अंगावर काढणं आणि ‘गॅस’ म्हणणं

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या सोसायटीच्या तपासणी शिबिरात ‘काही तक्रार?’ या रकान्यात शेजारच्या काकूंनी ‘नाही’ लिहिलं. हिमोग्लोबिन निघालं 8.2, म्हणजे बरंच कमी. काकांनीही ‘नाही’च लिहिलं आणि रक्तदाब मोजायच्या वेळी ते चहा आणायला सटकले. दोन्ही ‘नाही’ दिसायला सारखे, मुळं मात्र वेगळी.

1944 साली, बंगालच्या दुष्काळानंतर, सिंगूर भागात प्रकृतीची पाहणी झाली. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी पुढे तिचे आकडे चर्चेत आणले. आपण आजारी आहोत किंवा बरं वाटत नाही, असं सांगणारे विधुर 48.5 टक्के होते. विधवा? अवघ्या 2.5 टक्के. त्या ठणठणीत होत्या, असं कोण म्हणेल? ज्यांच्या वाट्याला उरलंसुरलंच यायचं, त्यांना अशक्तपणा हा आजार वाटणार तरी कसा!

गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: 92 टक्के जणींना स्त्रीरोग, आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. कंबरदुखी, पांढरं जाणं हे सगळं बाईच्या जातीला असायचंच, म्हणून अंगावर काढलेलं.

बडोद्यातही बाईला डॉक्टर भेटायची ती बहुधा बाळंतपणात. बायकांना बाई डॉक्टर मिळावी म्हणून 1885 मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या नावानं डफरिन फंड निघाला. आपल्या सयाजी रुग्णालयाचं जुनं नावही त्याच लेडी डफरिनचं. पुरुषांची प्रकृती मात्र जुम्मादादांच्या आणि माणिकरावांच्या आखाड्यात जोखली जायची. जोर-बैठका निघतात ना, मग बरा आहे. (आमचे आजोबा ताप मोजायचे तेही दंड थोपटून.)

सरकारनंही पुरुषांना फारसं विचारलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी 1992-93 मध्ये सुरू झाली ती बायकांना प्रश्न विचारत. पुरुषांची पाळी आली थेट 2005-06 च्या तिसऱ्या फेरीत. 2019-21 मध्ये 57 टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या, पण पुरुषही 25 टक्के. चौघांतला एक! कट्ट्यावर याबद्दल चकार शब्द ऐकू येत नाही.

गेल्या दिवाळीत काकांच्या छातीत जळजळलं. दोन दिवस ‘गॅस आहे’ म्हणत सोडा पीत बसले. शेवटी काकूंनी ओढत रिक्षात घातलं. स्वतःच्या लोहाच्या गोळ्या त्यांनी फ्रिजवर ठेवल्यात, पाकीट अजून फोडलेलं नाही.