मिक्सिंग : आधी ठरवायचं की नंतर?

नोव्हेंबर १९०२. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यात तात्पुरत्या उभारलेल्या स्टुडिओत गौहरजानचं गाणं मुद्रित करतोय. वीज नाही, मायक्रोफोन नाही. आहे तो फक्त एक कर्णा आणि त्याच्या टोकाला मेणावर रेघ ओढणारी सुई. अशा वेळी आवाजाचा तोल राखायचा म्हणजे कोण किती फुटांवर बसणार हे ठरवायचं. गाणाऱ्याचं तोंड जवळजवळ कर्ण्यात, मोठ्या आवाजाचं वाद्य मागे, नाजूक वाद्य पुढे. एकदा सुई फिरली की झालं ते झालं. मूळ ठसे बोटीने जर्मनीत हॅनोव्हरला जायचे आणि तिथून तबकड्या बनून यायच्या. तिथल्या कारागिरांना गाणं कुणाचं ते कळावं म्हणून गाण्याच्या शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारायची पद्धत होती. १९०८ मध्ये कलकत्त्याला सियालदहला कारखाना निघाला तेव्हा हा द्राविडी प्राणायाम संपला.

आज नागपूरच्या धरमपेठेत किंवा मानेवाड्यात एखाद्या खोलीत लॅपटॉप उघडून मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे मुद्रित आवाज तोलून एकत्र बसवणं, शिकणाऱ्या मुला-मुलींची अडचण बरोबर उलटी आहे. हवे तितके ट्रॅक, म्हणजे वेगवेगळ्या आवाजांच्या स्वतंत्र पट्ट्या, घ्या, हवं तेव्हा मागे फिरा, कालचा मिक्स आज जसाच्या तसा उघडा. या दोन टोकांमध्ये सव्वाशे वर्षं आहेत, आणि मला विचाराल तर ती निर्णय पुढे पुढे ढकलण्याची सोय होत गेल्याची वर्षं आहेत. ध्वनी दिवसेंदिवस स्वच्छ होत गेला हेही खरं, पण शिकणाऱ्याला छळतो तो पहिला भाग.

१९२५ च्या सुमारास विजेवरचं मुद्रण आलं आणि कर्ण्याची जागा मायक्रोफोनने घेतली. एकापेक्षा जास्त मायक्रोफोन लावता येऊ लागले. त्यांचे आवाज कमी-जास्त करून एकत्र आणायला एक माणूस आणि त्याच्यासमोर गोल खुंट्यांची एक पेटी लागू लागली. मिक्सिंग हा वेगळा हुद्दा इथे जन्मला. आता हळू आवाजात गाणाराही भरल्या वाद्यवृंदापुढे उभा राहू शकत होता. भावगीताची सगळी कुजबूज या सोयीवर उभी आहे. पण ठरवायचं मात्र अजूनही गाणं चालू असतानाच.

नागपूरचा या गोष्टीशी थेट संबंध येतो तो रेडिओमुळे. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झालं; शहर तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं. त्या काळी रेडिओवरचं बरंचसं गाणं थेट प्रसारित व्हायचं. काचेपलीकडे बसलेल्या माणसाचा हात जे करील तेच त्या क्षणी घराघरांत ऐकू येणार. तंबोरा कुठे, तबल्यापासून मायक्रोफोन किती लांब, पेटीचा भाता कुठल्या बाजूला, हे गाणं सुरू होण्याआधी ठरलं नाही तर मग उपाय नसे. त्यातून मध्यमलहरींवर दोन केंद्रांच्या लहरींमधलं अंतर ९-१० किलोहर्ट्‌झ; म्हणजे साधारण साडेचार-पाच किलोहर्ट्‌झच्या वरचं काही ऐकणाऱ्यापर्यंत नीट पोचतच नाही. झांजेची चमक गेली, तंबोऱ्याची जवारी अर्धी गेली, उरला तो माणसाचा आवाज आणि त्यातले शब्द. विदर्भातल्या दोन पिढ्यांचे कान यावर घडले. आजही इथे गाणं करून घ्यायला आलेला माणूस 'आवाज समोर पायजे, बाकी मांगं' असं म्हणतो. त्यात मला अडाणीपणा दिसत नाही, रेडिओ दिसतो.

मुंबईत सिनेमाच्या गाण्यांचंही तसंच. हॉलमध्ये अख्खा वाद्यवृंद, गायक आडोशाला आणि रेकॉर्डिस्ट सगळं जागच्या जागी मिसळतोय. व्हायोलिनवाला चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. सिनेमाचा अंतिम मिक्स, म्हणजे संवाद, पार्श्वसंगीत आणि इतर आवाज एकत्र बसवणं, हे आणखी वेगळं काम. त्यात राजकमल कलामंदिरातल्या मंगेश देसाईंचं नाव अजून आदराने घेतलं जातं. ही विद्या पुस्तकातली नव्हतीच. कुणाच्या तरी हाताखाली वर्षानुवर्षं केबल गुंडाळायची, मायक्रोफोन मांडायचे, आणि उस्तादाने खुंटी कधी फिरवली हे डोळ्यांनी टिपायचं. पुण्यात १९६० मध्ये प्रभातच्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि ध्वनिमुद्रण अभ्यासक्रम म्हणून शिकता येऊ लागलं, तरी बहुतेकांसाठी रस्ता हाताखालचाच राहिला.

तिकडे दरम्यान टेप आली होती. जर्मनीच्या एईजी कंपनीने मॅग्नेटोफोन १९३५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडला. युद्धानंतर ते यंत्र अमेरिकेत पोचलं आणि १९४८ पासून अँपेक्सच्या मशीन बाजारात येऊ लागल्या. टेप कापता येते, जोडता येते. चुकलेली ओळ तेवढीच पुन्हा घेता येते. गिटारवादक लेस पॉलने त्याच्या पुढची मागणी केली: एकाच टेपवर शेजारी शेजारी आठ पट्ट्या. १९५७ मध्ये अँपेक्सने ते मशीन त्याला बनवून दिलं. आता ढोल आज, गायक उद्या, आणि कोण पुढे कोण मागे हे परवा. न्यूयॉर्कला अटलांटिक रेकॉर्ड्‌सच्या टॉम डाउडने गोल खुंट्या काढून सरळ रेषेत सरकणारे फेडर बसवले, कारण दोन हातांनी गोल खुंट्या दोनच फिरतात, फेडर मात्र दहा बोटांनी दहा सरकतात. साधी गोष्ट, पण मिक्स 'वाजवता' येतो ही जाणीव त्यातून आली.

लंडनच्या ॲबी रोडला मात्र १९६७ मध्येही चारच ट्रॅक होते. बीटल्सचा त्या वर्षीचा गाजलेला अल्बम त्या चार ट्रॅकांवर झाला. चार भरले की ते एकत्र करून दुसऱ्या मशीनच्या एका-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या जागेत पुढचं. प्रत्येक उतरवणीला आधीचा तोल कायमचा गोठायचा. शिकणाऱ्याने एकदा तरी असं करून बघावं असं माझं मत आहे. पन्नास ट्रॅकांची फाइल घ्यायची, आठ-दहा ट्रॅक एकात उतरवायचे आणि मूळचे पुसून टाकायचे. आपल्याला काय हवंय हे आपल्याला माहीत नव्हतं, हे त्या दिवशी कळतं.

सत्तरच्या दशकात सोळा-चोवीस ट्रॅक झाले आणि माणसाची बोटं संपली. मिक्सच्या वेळी कन्सोलवर, म्हणजे फेडरच्या मोठ्या पाटावर, तिघं-चौघं वाकून आपापले फेडर सांभाळत. मग फेडरची हालचाल लक्षात ठेवणारं ऑटोमेशन आलं, आणि १९९१ मध्ये प्रो टूल्स हे संगणकावर मुद्रण-मिक्सिंग करायचं सॉफ्टवेअर. सुरुवातीला त्यालाही चारच ट्रॅक होते. बाकीचं तुम्हाला ठाऊक आहे.

नागपूरच्या रस्त्यावर मात्र क्रांती टेपच्या डबीतून आली. फिलिप्सने १९६३ मध्ये काढलेली कॅसेट ऐंशीच्या दशकात आपल्याकडे घरोघर पोचली. मोठ्या कंपनीच्या दारात न जाता गाणं काढणं त्यामुळे शक्य झालं. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांच्या शेजारी भीमगीतांच्या कॅसेटचे ढीग लागू लागले. पुढे त्यांची जागा सीडीने घेतली. या गाण्यांचा मिक्स नीट ऐका. आवाज एकदम पुढे, त्यावर भरपूर एको, ढोलकी टणक, की-बोर्ड मागे पातळ. जाणकार नाकं मुरडतात. पण ही गाणी वाजणार होती वस्तीतल्या भोंग्यावर, टू-इन-वनवर आणि गर्दीच्या गलक्यात. कॅसेटची खरखर हळू असलेलं सगळं गिळते, भोंगा खालचे स्वर देतच नाही. शब्द पोचवायचे तर दुसरा मार्ग नव्हता. तो मिक्स ऐकणाऱ्याकडे बघून केलेला होता.

ऐकणाऱ्याच्या कानाचं शास्त्र १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी मांडलं. आवाज लहान असला की खालचे आणि अगदी वरचे स्वर कानाला जास्त कमी वाटतात. मोठा केला की तेच गाणं भरदार लागतं. म्हणून मोठा मिक्स नेहमी चांगला वाटतो, आणि म्हणून सीडीच्या काळात सगळ्यांनी एकमेकांपेक्षा मोठं होण्याची शर्यत लावली. ती थोडी थंडावली मोजमापामुळे. २००६ मध्ये लाउडनेस, म्हणजे कानाला जाणवणारा मोठेपणा, मोजायचं आंतरराष्ट्रीय प्रमाण आलं, युरोपातल्या प्रसारकांनी २०१० मध्ये उणे २३ एलयूएफएस (लाउडनेसचं एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका आवाज मोठा) ही पातळी ठरवली, आणि आज स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ वर आणून वाजवतं. गाणं दाबून दाबून मोठं केलंत तरी तिथे ते खालीच येणार, आणि शिवाय चपटं झालेलं. हे माहीत असूनही क्लायंटला 'जोरात' हवंच असतं, तो भाग निराळा.

ए. आर. रहमानने चेन्नईत १९८९ मध्ये घराच्या आवारात स्टुडिओ उभारला, आणि १९९२ च्या 'रोजा'नंतर घरचा स्टुडिओ ही देशभरातल्या पोरांची कल्पना झाली. नागपुरात ती कल्पना मे महिन्यात कूलरशी भांडते. पंचेचाळीस अंशांत कूलर बंद करून टेक घ्यायचा, संपला की पुन्हा सुरू. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवलेले असतात. त्यांनी वरचे स्वर थोडे विरतात, खालच्या स्वरांची घूम तशीच राहते, आणि मग मिक्समध्ये ढोलकीचा खालचा ठोका कमी की जास्त हे कळेनासं होतं. फी घेऊन शिकवणारे आणि यूट्यूबवर शिकवणारे दोघंही बहुधा प्लगइनपासून, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरपासून, सुरुवात करतात. खोलीपासून करायला हवी.

आणि शब्दांपासून. सुरेश भट याच शहरात राहिले. गझलेत अख्खा शेर शेवटच्या काफिया-रदीफवर (यमक आणि त्यामागून येणारा तोच तो शब्द) येऊन टेकतो, आणि गाणारा नेमका तिथे श्वास संपवत आलेला असतो, आवाज उतरलेला. त्या जागी फेडर किंचित वर गेला नाही किंवा मागचा पॅड, म्हणजे की-बोर्डचा लांबवलेला सूर, त्यावर चढला तर शेर गेला. आवाजातले चढ-उतार आपोआप कमी करणारा कॉम्प्रेसर हे सांभाळील असं वाटतं, पण त्याला शेर कुठे उघडतो ते कळत नाही. हात लागतो.

अलीकडे निर्णय मागे घेण्याचीही सोय झाली आहे. २०२२ मध्ये बीटल्सचा १९६६ चा 'रिव्हॉल्व्हर' नव्याने मिक्स झाला, तो एकाच पट्टीत गोठलेली वाद्यं यंत्राकडून वेगळी काढून. तसलं सॉफ्टवेअर आता कुणाच्याही लॅपटॉपवर चालतं. इथल्या स्टुडिओतली रोजची लढाई मात्र फोनची आहे. क्लायंट मिक्स व्हॉट्सॲपवर मागतो, फोनच्या स्पीकरवर ऐकतो आणि ढोलकी गायब म्हणून कळवतो. तो खोटं बोलत नाही. एवढ्याशा स्पीकरमधून खालचे स्वर निघतच नाहीत. अशा वेळी ढोलकीचा बेस वाढवून काही होत नाही. तिला थोडं सॅचुरेशन, म्हणजे मुद्दाम आणलेली हलकी विकृती, द्यायचं, म्हणजे त्या ठोक्याचे वरचे उपस्वर उमटतात आणि नसलेला खालचा स्वर कान स्वतःच भरून घेतो. मग तीच फाइल पुन्हा मोठ्या स्पीकरवर लावून ती फार खरखरीत तर झाली नाही ना हे बघायचं.