चिऱ्यांच्या भिंतीतला नांद्रुक: गोव्यातील बोन्सायची पार्श्वभूमी

गोव्यात बोन्सायची हौस नव्याने लागलेला माणूस बहुधा आधी जुनिपर किंवा जपानी मेपल शोधत फिरतो, कारण त्याने पाहिलेल्या छायाचित्रांत हीच झाडे असतात. ही निवड कुठून आली, हे कळायचे तर या कलेच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

'बोन्साय' म्हणजे उथळ थाळीतील लागवड. शब्द जपानी असला तरी कल्पना चीनची आहे. तांग राजवटीतील राजपुत्र झांगहुआई याच्या इ. स. ७०६ मधील थडग्याच्या भिंतींवर, थाळीत मांडलेली लहान झाडे व दगड हातांत घेतलेले सेवक रंगवलेले आहेत. जपानमधील १३०९ च्या एका चित्रगुंडाळीतही अशी झाडे दिसतात. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोतील बोन्साय जोपासणारे माळी मोकळी जागा व स्वच्छ पाणी पाहून शहराच्या उत्तरेकडील ओमियाला गेले आणि १९२५ मध्ये तिथे त्यांनी बोन्सायचे गावच वसवले. दुसऱ्या महायुद्धानंतर ही कला जगभर गेली ती मुख्यतः जपानी परंपरेतून, त्यामुळे त्या परंपरेतील पाइन, जुनिपर आणि मेपल हेच सगळीकडे आदर्श मानले गेले.

ही झाडे थंड प्रदेशातली आहेत. हिवाळ्यात त्यांना काही महिने खरी विश्रांती लागते, आणि ती मिळण्यासाठी कडक थंडी पडावी लागते. गोव्यात जानेवारीतल्या रात्रीही पारा विशीच्या आसपासच राहतो. माझा स्वतःचा पहिला जुनिपर एका रोपवाटिकेतून आणलेला होता. 'इथे छान वाढतो' असे मला तिथे सांगण्यात आले होते. तो वर्षभर हिरवा दिसला, पण दुसऱ्या पावसाळ्यात आतून तपकिरी होत गेला आणि दसऱ्यापर्यंत संपला. त्याचे मला आजही वाईट वाटते.

आपल्याला जवळची ठरावी अशी परंपरा दुसरीच आहे. दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांत उष्ण आणि दमट. तिथल्या लिंगनान शैलीत फांदीला वळण देण्यासाठी तारेपेक्षा कात्रीवर अधिक भर असतो: फांदी वाढू द्यायची, हव्या त्या दिशेच्या डोळ्यावर छाटायची आणि पुन्हा वाढू द्यायची. झाड झपाट्याने वाढते तिथेच ही रीत उपयोगी पडते, आणि गोव्यात ते तसे वाढते. शिवाय त्या भागातील लाडके झाड म्हणजे वड-पिंपळाच्या कुळातला आपला नांद्रुकच. तो कोकणापासून तैवानपर्यंत रानात आपोआप उगवतो.

गोव्यात तो शोधायला रानातही जावे लागत नाही. बुलबुल आणि धनेश वड-पिंपळाची फळे खातात, आणि त्यांच्या विष्ठेतील बी जुन्या घरांच्या, विहिरींच्या, देवळांच्या जांभ्या दगडाच्या चिऱ्यांत रुजते. चवथीआधीच्या साफसफाईत अशी रोपे उपटून टाकली जातात. पिंपळाला मात्र सुरी लावायला अनेक हात कचरतात. माझ्याकडचा नांद्रुक एका पडक्या विहिरीच्या काठावरचा आहे. दोन चिऱ्यांच्या फटीत वाढल्यामुळे त्याची मुळे तळहातासारखी चपटी झाली आहेत, आणि तसा आकार मला कुंडीत कितीही वर्षे घालवून साधला नसता. तो काढला तेव्हा कापलेल्या मुळांतून वाहणारा चीक धुऊन काढला, पाने निम्मी उतरवली आणि कुंडी सावलीत ठेवली. भर जुलैतील दमट हवेत तीन आठवड्यांत त्याला नवी पालवी आली.

दुसऱ्या गटातली झाडे समुद्रावाटे आली. गोवा आणि जपान सोळाव्या शतकात जहाजांनी जोडलेले होते; फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्याहूनच जपानकडे निघाले. तरी आपल्या परसांत घर केले ते अमेरिका खंडातील झाडांनी: काजू, पेरू, चाफा. बोगनवेलही मूळची ब्राझीलकडची, आणि नाव मात्र बुगेनव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीचे. जुन्या घरांच्या बल्कांवाशेजारी, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओसरीशेजारी, मनगटापेक्षा जाड खोडाची बोगनवेल सहज आढळते, आणि बोन्साय म्हणून ती उत्तम. मात्र तिची तऱ्हा नांद्रुकाच्या उलट आहे. छाटलेल्या जाड फांदीचे लाकूड लवकर कुजते, म्हणून मोठी छाटणी पावसाळा सरल्यावर करावी व जखमेवर मलम लावावे. फुलांसाठी पाणी थोडे आवरावे. पाइनचा आकारच हवा असेल तर किनाऱ्यावर लावलेला सुरू हा वृक्ष आहे. तो ऑस्ट्रेलियाकडचा, खारा वारा सोसणारा. कुंडीत मात्र त्याला पाण्याची ओढ फार.

या सगळ्यांना खरी कसोटी लागते ती वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पडणाऱ्या पावसाची. नुसत्या मातीचा थाळीत चिखल होतो आणि मुळे गुदमरतात. मी चिऱ्याचा चाळलेला चुरा आणि विटांचे बारीक तुकडे निम्म्याहून अधिक घालतो, बाकीचे कुजलेले शेणखत, आणि जूनच्या पहिल्या सरीआधी प्रत्येक थाळीखालची भोके काडीने मोकळी करून घेतो.