चार अल्बमचा करार आणि सात वर्षं एकही अल्बम नाही : गायिका रेयच्या भांडणाची पार्श्वभूमी

२ मार्च २०२४ च्या रात्री लंडनला ब्रिट अवॉर्ड्समध्ये, म्हणजे ब्रिटनच्या संगीत पुरस्कारांत, रेय नावाच्या गायिकेनं सहा अवॉर्ड घेतले, एका रात्रीत एवढे त्याआधी कोणालाच भेटले नव्हते. ती ढसाढसा रडत होती आणि आपल्या आजीला हात धरून स्टेजवर घेऊन आली होती. आमच्याकडे तेव्हा हरभऱ्यावर हडंबा (मळणी यंत्र) लागलेला, दोन दिवसांनी भाचीनं त्या धुराळ्यातच मोबाईल पुढं केला, म्हणे मामा हे पाहा, हिले कंपनीनं सात वर्षं अल्बमच काढू देला नोयता. मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. कारण हीच गोष्ट आमच्या घरात घडलेली आहे, फरक इतकाच की लंडनमध्ये नाही तर यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात, आणि पॉप नाही तर खंजिरी भजन. ते पुढं सांगतो, आधी तिचं.

रेयचं खरं नाव रेचल कीन, जन्म १९९७ चा, दक्षिण लंडनची, आईकडून मूळ घानाचं. २०१४ ला पॉलिडॉर या मोठ्या लेबलनं, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीनं, तिच्यासोबत चार अल्बमचा करार केला तेव्हा पोरगी जेमतेम सोळा-सतरा वर्षांची होती. त्यानंतर काय झालं तर तिला डान्सच्या गाण्यांवर लावलं. डीजेचं गाणं, त्यावर तिचा आवाज. जॅक्स जोन्ससोबतचं 'यू डोन्ट नो मी' ब्रिटनमध्ये तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं, २०२१ मध्ये जोएल कॉरी आणि डेव्हिड गेटासोबतचं 'बेड' पण तिसऱ्यापर्यंत गेलं. मधल्या काळात बियॉन्सेच्या गाण्याच्या लेखनात सुद्धा तिचं नाव आलं. म्हणजे आवाज चालत होता, लेखणी चालत होती, गाणी कोट्यवधी वेळा वाजत होती, पण तिचा स्वतःचा पूर्ण अल्बम काही निघेना. २०२० च्या नोव्हेंबरात एक मिनी अल्बम तेवढा आला.

जून २०२१ च्या शेवटी तिचा बांध फुटला. ट्विटरवर तिनं सरळ लिहून टाकलं की २०१४ पासून चार अल्बमच्या करारात आहे आणि एक सुद्धा काढू दिला नाही, गाण्यांचे ढीग फोल्डरमध्ये धूळ खात पडलेत आणि तीच गाणी आता मी मोठमोठ्या कलाकारांना देऊन टाकतेय. महिनाभराच्या आत, जुलैमध्येच, ती लेबलमधून बाहेर पडली.

आता लोकांना वाटतं करार म्हणजे अमुक वर्षं, वर्षं संपली की सुटका. तसं नसतं हो, आणि सगळी मेख इथंच आहे. या लेबलवाल्यांचे करार बहुतेक अल्बमवर मोजतात, वर्षांवर नाही. चार अल्बम म्हणजे चार अल्बम कंपनीनं स्वीकारले पाहिजेत, आणि कंपनीनं पहिलाच स्वीकारला नाही तर गाडी तिथंच उभी, ना पुढं ना मागं, आणि दुसरीकडं गायची पण परवानगी नाही. वरून सुरुवातीला जे पैसे देतात ते बक्षीस नसतं, उचल असते. आपल्याकडं पाडव्याला सालदाराचं साल ठरतं, तो पोरीच्या लग्नासाठी उचल घेतो, वर्षभर राबतो आणि पुढच्या पाडव्याला हिशोब केला तर उचल फिटलेलीच नसते म्हणून परत त्याच वाड्यात. लेबलचं गणित तेच. स्टुडिओचा खर्च, व्हिडिओचा बराचसा खर्च, सगळं गायकाच्या रॉयल्टीच्या वाट्यातून वळतं होतं, आणि ते फिटल्यावर सुद्धा मूळ रेकॉर्डिंग, ज्याला मास्टर म्हणतात, ते साधारणपणे कंपनीच्याच नावावर राहतं. सालदाराला निदान वावर आपलं नाही हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. गाणाऱ्याचा तर गळा स्वतःचा असतो, म्हणून ते जास्त लागतं.

हे भांडण काही रेयपासून सुरू नाही झालं. १९४४ मध्ये ऑलिव्हिया डी हॅविलँड या नटीनं वॉर्नर ब्रदर्सला कॅलिफोर्नियाच्या कोर्टात हरवलं, तिथं कायदाच होता की नोकरीचा करार सात वर्षांच्या वर लादता येत नाही आणि कोर्टानं सांगितलं सात म्हणजे कॅलेंडरची सात. पुढं गायक पण त्याचा आधार घ्यायला लागले तर १९८७ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली, की गायक सुटला तरी न दिलेल्या अल्बमची नुकसानभरपाई कंपनी मागू शकते. म्हणजे दार उघडलं आणि उंबऱ्यात काटे टाकले. इंग्लंडमध्ये गायक जॉर्ज मायकल सोनी कंपनीविरुद्ध कोर्टात गेला आणि १९९४ ला हरला, त्याचा पुढचा अल्बम दुसऱ्या कंपन्यांनी करार सोडवून घेतल्यावर १९९६ ला आला. अमेरिकन गायक प्रिन्सचं उलटं होतं, त्याला धडाधड गाणी काढायची होती आणि त्याची कंपनी वॉर्नर म्हणे सावकाश, तर त्यानं १९९३ मध्ये नावच टाकून दिलं, एक चिन्ह घेतलं आणि गालावर गुलाम असं लिहून फिरायला लागला. पण मला सगळ्यात जास्त जीवाला लागते ती जोजो या अमेरिकन गायिकेची गोष्ट. बारा वर्षांची असताना करार, दुसरा अल्बम २००६ ला, आणि तिसरा आला २०१६ मध्ये. दहा वर्षं! पोरीची बाई झाली. २०१३ मध्ये तिनं न्यूयॉर्कला केस केली की अल्पवयीन मुलांचा करार सात वर्षांवर चालत नाही, तेव्हा कुठं २०१४ ला सुटली. आणि जुने दोन अल्बम कंपनीनं ऑनलाईन ठेवलेच नव्हते, तर २०१८ च्या डिसेंबरात तिनं तेच दोन्ही अल्बम पहिल्यापासून परत गाऊन काढले.

आता आमच्या घरचं. आमचे मोठे बाबा, म्हणजे थोरले काका, खंजिरीवर भजन म्हणायचे, तुकडोजी महाराजांच्या चालीवर वाढलेला गळा, पण स्वतःची भजनं स्वतः लिहायचे, दारूवर, हुंड्यावर. १९९६ ला नागपूरच्या एका कॅसेट कंपनीनं बोलावलं. दोन दिवसांत दोन भाग रेकॉर्ड केले, हातात तीन हजार आणि समोर स्टॅम्प पेपर. मोठ्या बाबांनी खाली सही केली, पूर्ण नाव, गावासकट, शाळेत शिकवली होती तशी. पहिला भाग निघाला, जत्रेत वाजला. दुसरा भाग, आठ भजनं, निघालाच नाही. दरवेळी नागपूरहून आले की मोठ्या आईला सांगायचे, काढतो म्हणते दिवाळीले. अशा बऱ्याच दिवाळ्या गेल्या. अलीकडं मी पहिल्या भागातलं एक भजन यूट्यूबवर टाकलं तर त्याच्यावर कॉपीराइटचा दावा आला, आवाज मोठ्या बाबांचा आणि हक्क दुसऱ्याचा.

त्यानंतर मी कायदा वाचायला लागलो, आणि हे गावोगावच्या गाणाऱ्यांनी वाचलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की शब्द-चालीचे हक्क लिहून देताना कागदावर मुदत नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि घेणाऱ्यानं वर्षभरात ते हक्क वापरलेच नाहीत तर, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर, ते परत येतात. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा लिहून घेता येणार नाही असं झालं, त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत तळमळीनं बोलले होते. रेकॉर्डिंगचं मात्र वेगळं, ते ज्यानं पैसे लावून केलं त्याचं, साठ वर्षं. म्हणजे ती टेप आपली नाही, पण भजन आपलं असू शकतं. आमच्या स्टॅम्प पेपरच्या झेरॉक्सवर मुदतीचा रकाना कोरा आहे.

रेयनं बाहेर पडल्यावर काय केलं ते पण बघा. ३० जून २०२२ ला, त्या ट्विटनंतर वर्षभरानं, 'हार्ड आउट हिअर' काढलं, त्यात या धंद्यावरचा सगळा राग. ऑक्टोबरात 'एस्केपिझम' आलं, टिकटॉकवर उचललं गेलं (आपल्याकडं टिकटॉक २०२० पासून बंद, आपण रील्सवर ऐकलं) आणि जानेवारी २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये एक नंबर. ३ फेब्रुवारी २०२३ ला अल्बम आला, 'माय ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी ब्लूज', लेबल नाही, फक्त वितरणाला एक कंपनी घेतली, मास्टर तिच्याच नावावर, आणि ब्रिटनच्या अल्बमच्या यादीत दुसरा नंबर. व्यसन, शरीराची लाज, गाण्याच्या धंद्यात बाईवर होणारा अत्याचार, असं सगळं त्यात आहे, 'आइस क्रीम मॅन' ऐकताना तर मी गाडी बाजूला लावली होती. हे गाणं डीजेच्या ठोक्यावर बसणारंच नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात आम्ही गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थना मंदिरात सतरंजी टाकली आणि मोठ्या बाबांना म्हटलं, दुसरा भाग म्हणा. चौऱ्याहत्तरचं वय. खंजिरी आधी उन्हात धरून तापवली, मग घसा खाकरून बसले. आवाज खाली आलाय, जुन्या पट्टीत चढत नाही, तरी सात भजनं झाली, भाचीनं मोबाईलवर घेतली. आठव्याचं तिसरं कडवं आठवेना. दोनदा धरलं, दोनदा तिथंच थांबले. वही तर केव्हाच वाळवीनं खाल्ली. म्हणे, थे त्या टेपीत असन बापा. आम्ही आठवं भजन दोन कडव्यांचंच ठेवलं.