योंगब्योनचा रिकामा हौद

जानेवारी २००४ मध्ये अमेरिकी अणुशास्त्रज्ञ सिग्फ्रीड हेकर उत्तर कोरियातल्या योंगब्योन अणुकेंद्रात गेले. लॉस अलामॉस प्रयोगशाळेचं संचालकपद त्यांनी अनेक वर्षं सांभाळलं होतं. योंगब्योनच्या हौदात, पाण्याखाली, अणुभट्टीतून काढलेल्या सुमारे आठ हजार इंधनकांड्या डबाबंद असायला हव्या होत्या. हौद रिकामा होता. मग यजमानांनी एक लाकडी पेटी उघडली आणि त्यातली काचेची बरणी त्यांच्या हातात दिली. आत प्लुटोनियम धातूचा तुकडा होता; वापरलेल्या इंधनकांड्यांतून वेगळं काढलेलं हेच प्लुटोनियम अणुबॉम्बला लागतं. बरणी जड होती, किंचित कोमट लागत होती.

उत्तर कोरियाशी बोलण्यात अर्थ नाही, असं दर संकटात ऐकू येतं. त्या कांड्यांचा हिशेब मांडला की मला ते पटत नाही.

उत्तर कोरियाने १९८५ मध्ये अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर सही केली, पण आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक तिथे पोहोचायला १९९२ उजाडलं. आपण फक्त ९० ग्रॅमच्या आसपास प्लुटोनियम वेगळं केलं, तेही एकदाच, असं प्योंगयांगने सांगितलं होतं. निरीक्षकांनी घेतलेले नमुने मात्र वेगळंच बोलत होते: हे काम एकदा नव्हे, अनेकदा झालं होतं. अणुकचऱ्याच्या दोन संशयित जागा दाखवा, अशी मागणी होताच १२ मार्च १९९३ रोजी उत्तर कोरियाने करारातून बाहेर पडण्याची नोटीस दिली. तीन महिन्यांची मुदत संपायला एक दिवस उरला असताना ती स्थगित केली. मे १९९४ मध्ये भट्टीतल्या कांड्या भराभर बाहेर काढल्या गेल्या आणि भट्टी पूर्वी कशी चालवली गेली याचा पुरावाही त्यासोबत विस्कटला.

क्लिंटन सरकार तेव्हा योंगब्योनवर हवाई हल्ल्याचा विचार करत होतं. सोल सीमेपासून जेमतेम ५० किलोमीटरवर, उत्तरेच्या तोफांच्या माऱ्यात. अशा वेळी माजी अध्यक्ष जिमी कार्टर जूनमध्ये प्योंगयांगला जाऊन उत्तर कोरियाचे सर्वोच्च नेते किम इल सुंग यांना भेटले आणि त्यांची अणुकार्यक्रम गोठवण्याची तयारी घेऊन आले. ८ जुलैला किम वारले, तरी बोलणी मोडली नाहीत. २१ ऑक्टोबर १९९४ रोजी जिनिव्हात करार झाला. उत्तर कोरियाने भट्टी बंद ठेवायची, कांड्या निरीक्षकांच्या नजरेखाली डबाबंद करायच्या. बदल्यात एकूण सुमारे २००० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या आणि त्या उभ्या राहीपर्यंत दरवर्षी पाच लाख टन इंधन तेल मिळायचं.

आठ वर्षं त्या कांड्यांना कुणी हात लावला नाही. ही या इतिहासातली सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट आहे.

करार आतून झिजला तो दोन्ही बाजूंनी. करारानंतर काही आठवड्यांतच अमेरिकी काँग्रेस रिपब्लिकन पक्षाकडे गेली, तेलाच्या खेपा रखडू लागल्या. २००३ च्या सुमारास पूर्ण व्हायच्या भट्ट्यांचं पहिलं काँक्रीट उत्तर कोरियातल्या कुम्होमध्ये पडलं ते ऑगस्ट २००२ मध्ये! तिकडे उत्तर कोरिया बॉम्बची दुसरी वाट, म्हणजे युरेनियम समृद्ध करून बॉम्बजोगं करण्याची, पाकिस्तानच्या मदतीने चोरून शोधत होता. या देवघेवीची झळ भारतालाही लागली: एप्रिल १९९८ मध्ये पाकिस्तानने डागलेलं घौरी क्षेपणास्त्र उत्तर कोरियाच्याच नोडाँगवर बेतलेलं होतं.

ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकेचे सहायक परराष्ट्रमंत्री जेम्स केली यांनी प्योंगयांगमध्ये युरेनियमचा जाब विचारला. पाठोपाठ तेल थांबलं, वर्षाअखेरीस निरीक्षकांना हाकललं गेलं, जानेवारी २००३ मध्ये उत्तर कोरियाने प्रसारबंदी करार सोडला. फसवणूक खरी होती. पण युरेनियमचा बॉम्ब तेव्हा काही वर्षं दूर होता आणि प्लुटोनियम हौदात तयार पडलं होतं. दूरच्या धोक्याची शिक्षा देताना जवळच्या धोक्याचं कुलूप निघालं. बुश सरकारची ही चूक मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत महागडी वाटते.

पुढचा प्रवास झरझर झाला. बीजिंगमधल्या सहा देशांच्या चर्चेतून १९ सप्टेंबर २००५ रोजी संयुक्त निवेदन निघालं, त्यात उत्तर कोरियाने अण्वस्त्रं सोडण्याचं कबूल केलं. त्याच सुमारास मकाऊच्या एका बँकेतले उत्तर कोरियाचे सुमारे अडीच कोटी डॉलर अमेरिकी कारवाईमुळे गोठले आणि चर्चा अडली. ९ ऑक्टोबर २००६ रोजी पहिली अणुचाचणी झाली. जून २००८ मध्ये योंगब्योनचा शीतकरण मनोरा कॅमेऱ्यांसमोर पाडला गेला, पण तपासणी कशी करायची यावर गाडी पुन्हा अडली. नोव्हेंबर २०१० मध्ये हेकर यांना तिथेच सेंट्रिफ्यूजची, म्हणजे युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांची, नवीकोरी रांग दाखवली गेली. सुमारे दोन हजार आहेत, असं यजमानांनी सांगितलं.

फेब्रुवारी २०१९ मध्ये हनोईत किम जोंग उन यांनी ट्रम्प यांच्यासमोर योंगब्योन बंद करण्याचा प्रस्ताव ठेवला आणि मुख्य निर्बंध उठवायची अट घातली. १९९४ मध्ये योंगब्योन म्हणजे जवळजवळ सगळा कार्यक्रम होता. आता सहा चाचण्या होऊन गेल्या होत्या आणि योंगब्योनबाहेरच्या ठिकाणांचं काय, असं अमेरिका विचारत होती. ठरलेलं दुपारचं जेवण न घेताच दोघे निघून गेले.