खोडदच्या दुर्बिणीला डोळा कुठे लावायचा?

पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीत पुणे जिल्ह्यातल्या खोडद गावच्या रेडिओ दुर्बिणीचा मुद्दा आडवा आला, तेव्हापासून नारायणगाव-मंचर पट्ट्यात एक प्रश्न सारखा विचारला जातोय. दुर्बिणीतून वरचं आकाश बघतात ना, मग खालून रेल्वे गेली तर बिघडतं काय? प्रश्न रास्त आहे. या भागातला शेतकरी कांदा-टोमॅटो ट्रकमधून चाकणच्या कोंडीत अडकवून पाठवतो, त्याला रेल्वे हवी आहे. ‘शास्त्रज्ञांना त्रास होतो’ एवढ्यावर त्याची बोळवण करणं बरोबर नाही. खरं उत्तर द्यायचं तर दुर्बीण मुळात करते काय, इथूनच सुरुवात करावी लागते.

दुर्बिणीबद्दल पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती पट मोठं दिसतं? खेळण्यांच्या दुकानात मिळणाऱ्या दुर्बिणींच्या खोक्यांवरही ‘५०० पट’ असं ठळक छापलेलं असतं. हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. पुढच्या भिंगाच्या नाभीय अंतराला डोळ्याजवळच्या भिंगाच्या नाभीय अंतरानं भागलं की तो येतो. डोळ्याजवळचं भिंग बदला, आकडा बदलला. पण पुढचं भिंग ६० मिलिमीटरचं असेल तर साधारण १२० पटींच्या पुढे हाती लागतो तो फक्त मोठा केलेला धूसरपणा.

दुर्बिणीची खरी कामं दोन. पहिलं, प्रकाश गोळा करणं. अंधारात आपल्या बाहुलीचा व्यास फार तर ७ मिलिमीटर होतो. १० सेंटीमीटरचं भिंग त्याच्या सुमारे दोनशे पट प्रकाश गोळा करतं, म्हणून डोळ्याला न दिसणारे तारे त्यातून दिसतात. दुसरं काम, जवळजवळच्या दोन बिंदूंना वेगळं दाखवणं. याला पृथक्करणक्षमता म्हणतात. ती एका साध्या भागाकारावर चालते : तरंगलांबी भागिले दुर्बिणीचा व्यास. उत्तर जितकं लहान तितकं चित्र रेखीव. प्रत्यक्षात त्याला १.२२ नं गुणायचं असतं, पण भागाकार लक्षात ठेवला तरी पुरे.

आता हा भागाकार खोडदला लावून बघू. जीएमआरटी, म्हणजे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, हिच्यात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांतल्या १४ खोडदजवळ एक चौरस किलोमीटरच्या आसपासच्या जागेत दाटीनं उभ्या आहेत. उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात तीन दिशांना पसरल्या आहेत. सर्वात दूरच्या दोन तबकड्यांमधलं अंतर सुमारे २५ किलोमीटर. हायड्रोजनचे अणू २१ सेंटीमीटर तरंगलांबीची रेडिओ लहर सोडतात. २१ सेंटीमीटरला २५ किलोमीटरनं भागलं तर कोन येतो पावणेदोन विकलांचा. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला आणि कलेचा साठावा भाग म्हणजे विकला. पौर्णिमेचा चंद्र साधारण ३० कलांचा, म्हणजे १८०० विकलांचा असतो.

डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी मात्र मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या निम्म्याच्या आसपास आहे. तोच पावणेदोन विकलांचा कोन गाठायला प्रकाशाच्या दुर्बिणीला किती व्यास लागेल? साडेसहा सेंटीमीटर! २५ किलोमीटरवर पसरलेली खोडदची दुर्बीण रेखीवपणात शाळेतल्या एका छोट्या दुर्बिणीइतकीच आहे. हे गणित मी पहिल्यांदा मांडलं तेव्हा मला ते फार आवडलं आणि अजूनही आवडतं, कारण ‘मोठी दुर्बीण म्हणजे मोठं दिसणं’ ही समजूत त्यात एका झटक्यात मोडते. जवळच गिरवलीला आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेची २ मीटर व्यासाची प्रकाशीय दुर्बीण आहे. तिचा तारा खोडदच्या दुर्बिणीइतकाच किंवा अधिक रेखीव येतो.

मग एवढा खटाटोप कशाला? खोडदच्या दुर्बिणीला जे कळतं ते गिरवलीच्या दुर्बिणीला कधीच कळणार नाही, म्हणून. थंड हायड्रोजन वायू दृश्य प्रकाशात चमकत नाही, तो रेडिओत बोलतो. स्पंदक तारे (पल्सार), दीर्घिकांच्या (गॅलेक्सींच्या) गाभ्यातून निघालेले लाखो प्रकाशवर्षं लांबीचे झोत, चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन, हे सगळं प्रामुख्यानं रेडिओ लहरींत उमटतं. आकाशातून रेडिओ लहरी येतात हे कार्ल जान्स्की या अमेरिकी अभियंत्याला १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला कळलं. तो दूरध्वनी यंत्रणेतली खरखर शोधत होता. या लहरी ढगांतून आरपार येतात आणि दिवसाही पकडता येतात.

तबकडीच्या बांधणीची गोष्टही तरंगलांबीशीच जोडलेली आहे. आरशाचा पृष्ठभाग तरंगलांबीच्या साधारण विसाव्या भागाइतका अचूक असावा लागतो. प्रकाशासाठी ही अचूकता मिलिमीटरच्या काही लाखांश भागांची, २१ सेंटीमीटरच्या लहरीसाठी मात्र एक सेंटीमीटर चालतं. शिवाय लहरीपेक्षा बरीच लहान भोकं लहरीला जाणवतच नाहीत. म्हणून या दुर्बिणीचे शिल्पकार, खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी खोडदला पत्र्याची भरीव तबकडी न करता अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड अशा पोलादी तारेची जाळी ताणून बसवली. वारा जाळीतून निघून जातो, तबकडी हलकी राहते, खर्च आवाक्यात येतो. स्वरूप १९६५ साली कल्याणला ऑस्ट्रेलियातून आणलेल्या ३२ छोट्या तबकड्यांची रांग उभी करून बसले होते. १९७० साली त्यांनी उटीला डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभारली आणि मग खोडद. परदेशी आराखडे उचलण्यापेक्षा आपल्या खिशाला आणि आपल्या वाऱ्याला जुळेल असं यंत्र घडवायचं, ही त्यांची रीत होती. तिचं मोल आपण अजून पुरतं ओळखलेलं नाही असं मला वाटतं.

आता मुख्य प्रश्न. ३० वेगवेगळ्या तबकड्या मिळून एक दुर्बीण कशी होते? एकटी तबकडी २१ सेंटीमीटरला आकाशाचा चंद्राच्या दोन तृतीयांश एवढा तुकडा फक्त एक ठिपका म्हणून ओळखते. २५ किलोमीटरची धार कुठून येते?

एक किलोमीटर अंतरावरच्या दोन तबकड्या घ्या. स्रोत नेमका डोक्यावर असेल तर त्याची लहर दोघींवर एकाच क्षणी पोचते. तो जरा कलला की एकीवर आधी, दुसरीवर नंतर. दोन्हीकडचे विद्युत संकेत प्रकाशतंतूंवरून एका खोलीत आणायचे आणि त्यांचा गुणाकार करायचा. शिखरावर शिखर आलं तर उत्तर धन, शिखरासमोर दरी आली तर ऋण. पृथ्वी फिरते, स्रोत सरकतो, आणि उत्तर धन-ऋण-धन असं हेलकावत राहतं. म्हणजे या जोडीनं आकाशावर न दिसणारे पट्टे आखले, एक धन, एक ऋण. पट्ट्यांमधलं अंतर तोच भागाकार : तरंगलांबी भागिले तबकड्यांमधलं अंतर. एक किलोमीटरच्या जोडीचे पट्टे ४३ विकलांवर, २५ किलोमीटरच्या जोडीचे पावणेदोन विकलांवर.

गजांच्या खिडकीमागून रात्री कुणी बारीक दिवा घेऊन गेलं तर तो लुकलुकताना दिसतो. तेच दोन गजांमधल्या फटीपेक्षा रुंद ट्यूबलाइट आडवी धरून गेलं तर लुकलुक जवळजवळ दिसत नाही, कारण एक भाग झाकला की दुसरा उघडा पडतो. तबकड्यांच्या जोडीचं हेच काम. हेलकावा जोरदार असेल तर स्रोत पट्ट्यांहून बारीक आहे, हेलकावा मेला तर स्रोत पट्ट्यांहून रुंद आहे. जवळच्या जोड्या विरळ गजांच्या, दूरच्या जोड्या दाट गजांच्या.

इथे जोसेफ फुरिए या फ्रेंच गणितज्ञाचं दोनशे वर्षांपूर्वीचं गणित कामी येतं. कोणतंही चित्र वेगवेगळ्या रुंदीच्या आणि वेगवेगळ्या दिशांना कललेल्या पट्ट्यांची बेरीज म्हणून लिहिता येतं. प्रत्येक जोडी त्यांतल्या एका पट्ट्याचं प्रमाण आणि त्याची जागा मोजते. ३० तबकड्यांच्या जोड्या होतात ३० गुणिले २९ भागिले २, म्हणजे ४३५. ४३५ पट्टे कळले, पण चांगल्या चित्राला ते पुरत नाहीत. उरलेलं काम पृथ्वी करते. जिचं चित्र काढायचं त्या दूरच्या दीर्घिकेवरून खोडदकडे पाहिलं तर दोन तबकड्यांना जोडणारी रेषा पृथ्वीच्या फिरण्याबरोबर वळताना आणि आखूड-लांब होताना दिसेल. वळली म्हणजे पट्ट्यांचा कल बदलला, आखूड झाली म्हणजे रुंदी बदलली. आठ-दहा तास एकाच स्रोताकडे टक लावली की त्याच ४३५ जोड्या हजारो वेगवेगळे पट्टे मोजून देतात. ही युक्ती पूर्णत्वाला नेणारे केंब्रिजचे मार्टिन राइल यांना १९७४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

तीन दिशांना भुजा का, तेही यातून उलगडतं. सगळ्या तबकड्या एकाच रेषेत असत्या तर बरेच कल मोजायचे राहिले असते. मध्यभागी १४ जणींची दाटी नसती तर विरळ पट्टे निसटले असते आणि पसरट वायूचे ढग चित्रातून गायब झाले असते. तरीही काही पट्टे राहतातच. त्यांच्या अभावामुळे कच्च्या चित्रात तेजस्वी स्रोताभोवती खोट्या रेघा उमटतात आणि त्या संगणकावर टप्प्याटप्प्यानं साफ कराव्या लागतात. त्यात वेळेचा हिशोब मोठा नाजूक. २५ किलोमीटर जायला लहरीला ८३ मायक्रोसेकंद लागतात आणि २१ सेंटीमीटरच्या लहरीचं एक आवर्तन नॅनोसेकंदाच्या पाऊणपटीहूनही कमी वेळात संपतं. गुणाकाराआधी प्रत्येक तबकडीचा उशीर या आवर्तनाच्या छोट्या अंशापर्यंत जुळवावा लागतो. वरचं आयनांबर, म्हणजे वातावरणाचा विद्युतभारित थर, लहरीला आणखी पुढे-मागे ढकलतं, म्हणून मधूनमधून तबकड्या एखाद्या आधीच माहीत असलेल्या बिंदुस्रोताकडे वळवून घड्याळं ताडून पाहतात.

खोडदला डोळा लावायला जागा का नाही, हे आता कळेल. तिथे चित्र पडतच नाही. तिथे फक्त गुणाकार होतात, चित्र नंतर गणितातून काढतात. त्यातले रंगही माणसानं दिलेले असतात.

या तबकड्या ढग पळवतात, म्हणून पाऊस कमी पडतो, अशीही कुजबुज ऐकू येते. जीएमआरटी एकही लहर आकाशात सोडत नाही, ती फक्त घेते. जुन्नरच्या पूर्व भागात पाऊस कमी पडतो तो सह्याद्रीच्या पर्जन्यछायेमुळे, आणि ही छाया तबकड्यांच्या कितीतरी आधीपासून आहे.

आता रेल्वे. आकाशातले रेडिओ स्रोत मोजायच्या एककाला जान्स्कीचंच नाव आहे. एक जान्स्की म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला, एका वॅटचे एकावर २६ शून्य एवढे भाग करून त्यातला एक. खोडदचे संशोधक याच्याही हजारावा, काही वेळा लाखावा भाग शोधत असतात. साधा चालू मोबाइल चंद्रावर ठेवला असता तर इथून तो काही दहा जान्स्कींचा, म्हणजे रेडिओ आकाशातल्या ठळक स्रोतांत गणला जाणारा ठरला असता. विजेवरच्या रेल्वेत वरची तार आणि तिच्यातून वीज घेणारा गाडीच्या छपरावरचा पेंटोग्राफ यांच्यात ठिणग्या उडतात. ठिणगी एका कंप्रतेवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीवर, बोलत नाही, ती शेकडो मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकदम खरखरते. शिवाय गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स, संदेशयंत्रणा आणि प्रवाशांच्या खिशातले शेकडो मोबाइल. हे सगळं चंद्रावर नव्हे, काही किलोमीटरवर.

‘मग खगोलशास्त्रासाठी राखीव कंप्रता नाहीत का?’ आहेत. हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्झभोवतीचा १४०० ते १४२७ हा पट्टा जगभर राखीव आहे, तिथे कुणी प्रक्षेपण करायचं नाही. पण तो फक्त जवळच्या हायड्रोजनला पुरतो. विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे दूरच्या दीर्घिकेची लहर वाटेत ताणली जाते. जानेवारी २०२३ मध्ये जीएमआरटीवरचा एक शोध जाहीर झाला : ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेली हायड्रोजनची खूण. २१ सेंटीमीटरची लहर इथे पोचेपर्यंत सुमारे ४८ सेंटीमीटरची झाली होती, म्हणजे १४२० ऐवजी ६२० मेगाहर्ट्झच्या आसपास. काही मथळ्यांनी त्याला गूढ संदेशाचं रूप दिलं. तो संदेश नव्हता, तटस्थ (विद्युतभार नसलेला) हायड्रोजन होता, आणि मला तेच जास्त थरारक वाटतं. कारण तारे याच वायूतून घडतात आणि तेव्हा तो किती होता हे मोजायचा दुसरा सरळ मार्ग नाही. तीही लहर हाती लागली ती मध्ये आलेल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणानं तिला सुमारे ३० पट वाढवलं म्हणून.

६२० मेगाहर्ट्झ हा कुठलाही राखीव पट्टा नाही, ती दूरचित्रवाणी प्रक्षेपणाची कंप्रता आहे. अद्ययावत झालेली जीएमआरटी सुमारे १२० पासून १४५० मेगाहर्ट्झपर्यंत जवळजवळ सलग ऐकते. त्यातला बहुतेक भाग कायद्यानं राखीव नाही. तिथे तिला वाचवते ती फक्त परिसराची शांतता आणि भोवतालचे डोंगर. ही जागा निवडली तेव्हा त्याच शांततेसाठी निवडली होती. ३० तबकड्या आणि त्यांच्या १४-१४ किलोमीटरच्या भुजा उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. रेल्वेचा मार्ग कागदावर असेपर्यंत तरी हलवता येतो.

म्हणून मार्ग वळवावा या बाजूचा मी आहे. पण त्याबरोबर आणखी एक व्हायला हवं. कोणत्या कंप्रतेला, किती किलोमीटरवर, डोंगराच्या आडून आणि उघड्यावर किती खरखर पोचते, याची मोजमापं आकडे आणि नकाशासह मराठीत छापून खोडद, नारायणगाव, मंचरच्या ग्रामसभांपुढे ठेवायला हवीत. लोकांना कळत नाही असं धरून चालणं अन्यायाचं आहे. ज्यांच्या शेतांशेजारी या तबकड्या उभ्या आहेत, त्यांना पट्ट्यांचं हे गणित तासाभरात समजावून सांगता येतं. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, खोडदचं केंद्र लोकांसाठी खुलं असतं आणि गावोगावची शाळकरी मुलं आपले प्रयोग घेऊन तिथे येतात. रेल्वेच्या प्रश्नाचा तक्ता तिथल्या पहिल्याच दालनात लावता येईल.