पार्श्वभूमी : लोभ, विनय आणि वैशालीचा वाद

लोभ वाईट, हे सांगायला विनयपिटकाची, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या नियमग्रंथाची, गरज नव्हती. तेवढे प्रत्येक संप्रदाय सांगत होता. विनयाचे वेगळेपण असे की मन ताब्यात येईल तेव्हा येईल, तोवर निदान हात आवरा, अशी त्याने व्यवस्था लावली. भिक्खूने सोने-रुपे स्वीकारू नये हा नियम त्या व्यवस्थेचा कणा. आज पैशावरून संघाच्या शीलाची जी चर्चा होते, ती फिरून याच नियमापाशी येते.

नियमामागची हकिगत राजगृहाची. एका घरी भिक्खूसाठी रोज वाटा काढून ठेवत. एकदा संध्याकाळी घरात मांस आले, त्यातही त्याचा वाटा निघाला. पहाटे पोर उठले आणि मांसासाठी रडू लागले. घरधनी बायकोला म्हणाला, त्यांचा वाटा याला दे, त्यांच्यासाठी कहापणाचे (कहापण म्हणजे तेव्हाचे नाणे) दुसरे काही आणू. सकाळी भिक्खू आल्यावर त्याला हे सांगून विचारले, कहापणाचे काय आणू? भिक्खू म्हणाला, मग कहापणच द्या. घरधन्याने नाणे दिले, पण नंतर कुरकुरला : आम्ही पैसे घेतो तसेच हे श्रमणही घेतात!

भिक्खूने चोरी केली नव्हती, फसवलेही नव्हते. समोरून आलेल्या दानाचे फक्त रूप बदलून मागितले होते. तरीही नियम झाला, आणि तोही कडक. घेतलेले नाणे संघापुढे टाकायचे. तिथे कोणी उपासक आला आणि याचे काय आणू असे त्याने विचारले, तर 'अमुक आण' म्हणायचे नाही. भिक्खूंना तूप, तेल, मध, गूळ चालतो एवढेच सांगायचे. त्याने आणलेले सगळ्यांनी खावे, नाणे घेणाऱ्याने सोडून. उपासक काहीच करत नसेल तर एका भिक्खूची नेमणूक करून त्याच्याकडून नाणे फेकून द्यायचे. फेकणाऱ्याने कुठे पडले ते पाहून ठेवायचे नाही. खूण धरून फेकले तर त्यालाच दोष. माणसाच्या स्वभावाची इतकी पक्की जाण असलेले कायदे फार थोडे.

बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी, परंपरा सांगते त्याप्रमाणे, याच नियमाला वैशालीत वाट फुटली. उपोसथाच्या, म्हणजे पाक्षिक व्रताच्या, दिवशी तिथल्या वज्जी भिक्खूंनी काशाचे भांडे पाण्याने भरून संघामध्ये ठेवले आणि येणाऱ्या उपासकांना सांगू लागले : संघाला कहापण द्या, अर्धा द्या, पाव द्या, मासक द्या, संघाच्या गरजा भागतील. बाहेरून आलेल्या एका भिक्खूने तिथेच उपासकांना सांगितले, देऊ नका, शाक्यपुत्रीय श्रमणांना हे चालत नाही. उपासकांनी दिलेच. रात्र सरल्यावर भिक्खूंची डोकी मोजून वाटे घातले गेले आणि विरोध करणाऱ्यालाही त्याचा वाटा देऊ केला. त्याने तो नाकारला.

मग वज्जींनी त्याच्यावरच कारवाई केली : उपासकांची श्रद्धा दुखावली, त्यांची क्षमा माग. तो गावात गेला, पण क्षमा मागण्याऐवजी त्याने उपासकांपुढे बुद्धवचनच मांडले : चंद्र-सूर्य ढग, धुके, धूळ-धूर आणि राहू यांनी झाकोळतात, तसे श्रमण मद्य, मैथुन, सोने-रुपे आणि खोटी उपजीविका यांनी. उपासक त्याच्या बाजूने झाले. तेव्हा वज्जी त्याला संघाबाहेर काढायला निघाले, आणि तो पश्चिमेकडचे, अवंतीचे, दक्षिणापथाचे भिक्खू गोळा करायला लागला.

पुढचा प्रसंग तर वादाचा निकाल लागण्याआधीच निकाल सांगणारा आहे. एक वजनदार स्थविर (ज्येष्ठ भिक्खू) आपल्या बाजूला यावेत म्हणून वज्जी पात्रे, चीवरे घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी घेतली नाहीत. मग त्यांच्या सेवक भिक्खूला गाठले. त्याने आग्रहाखातर एक चीवर घेतले, आणि स्थविरांनी त्याला दूर केले. भर सभेत नुसतीच वादावादी होऊ लागली, म्हणून पूर्वेचे चार आणि पश्चिमेचे चार अशा आठ जणांवर निर्णय सोपवला. दहा मुद्दे होते. शिंगात मीठ साठवणे, दुपारनंतर सावली दोन बोटे सरेपर्यंत जेवणे अशा बारीक गोष्टीही त्यांत होत्या. सोन्या-रुप्याच्या मुद्द्यावर विचारले गेले, हे कुठे निषिद्ध ठरले? उत्तर आले : राजगृहात.

ही हकिगत जिंकणाऱ्यांची आहे, हे खरे. पण ज्यांच्यावर संघातल्या पुढच्या फुटीचे खापर फोडले जाते त्या महासांघिक पंथाच्या विनयातही वैशालीच्या सभेचा विषय सोने-रुपे हाच आहे आणि निकालही तोच. म्हणून 'वैशालीत उदारमतवादी हरले' हे आजकालचे सोपे वाचन मला पटत नाही. रोख रक्कम डोकी मोजून वाटून घेण्यात उदार काय होते?

निकालाने पैसा संघापासून दूर गेला असे मात्र नाही. नियमातच वाट होती : दात्याने पैसे सेवकाकडे ठेवावेत, भिक्खूने त्यातून चालेल अशी वस्तू घ्यावी, चीवरासाठी सेवकाला तीनदा आठवण करावी, सहा वेळा नुसते मुकाट उभे राहावे, त्यापुढे नाही. ही वाट पुढे राजमार्ग झाली. नाशिकच्या पांडवलेणीतील दहाव्या लेण्यात, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला, क्षहरात राजाच्या जावयाचा लेख आहे. त्याने ३,००० कहापण गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे (व्यावसायिक संघटनांकडे) कायमचे ठेवले. त्यातल्या २,००० वर महिना शेकडा एक व्याज. वर्षाचे होतात २४०, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. हिशेब पैचाही चुकत नाही. मुद्दल कोणाच्याच हाती येत नाही. मूलसर्वास्तिवादी या आणखी एका पंथाच्या विनयाने तर असा निधी व्याजाने लावायला स्वतःहूनच मुभा दिली. सांची, कान्हेरीच्या दानलेखांत भिक्खू-भिक्खुणीच दाते म्हणून दिसतात, तेव्हा हात किती आवरले गेले होते हेही कळतेच.

गृहस्थाला धनाची बंदी कधीच नव्हती. सिगालोवाद सुत्त कमाईचे चार भाग करायला सांगते : एक उपभोगाला, दोन व्यवसायाला, एक अडीअडचणीला. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाला वर्ज्य. चक्कवत्तिसीहनाद सुत्त तर चोरीचे मूळ राजाने निर्धनांना धन न देण्यात शोधते, ही बाजू प्रवचनांत हमखास गाळली जाते.

नागपूरच्या १९५६ च्या दीक्षेमागच्या विचारात तीच बाजू वर आली. बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना भिक्खूच्या मालकीच्या आठ वस्तू मोजून दाखवल्या गेल्या : तीन चीवरे, कमरपट्टा, पात्र, वस्तरा, सुई आणि पाणी गाळायचे फडके. खासगी मालमत्तेबाबत हा नियम रशियातल्या साम्यवादाहूनही कडक आहे, असा तो युक्तिवाद होता. १९६९ पासून भारतात भरू लागलेल्या विपश्यना शिबिरांनी दुसरे टोक धरले : शुल्क नाही, आणि एक शिबिर पुरे केल्याखेरीज दानही घेत नाहीत. थायलंडमध्ये भिक्खूला पाकिटाबरोबर चिठ्ठी देतात : इतक्या बाटच्या गरजेच्या वस्तूंसाठी रक्कम सेवकाकडे ठेवली आहे, लागेल तेव्हा त्याच्याकडे मागावे. भाषा जवळपास विनयाचीच. एकोणिसाव्या शतकात तिथे सुरू झालेला धम्मयुत निकाय, म्हणजे भिक्खूंची एक कडक शाखा, तत्त्वतः पैशाला हात लावत नाही. बाकीचे बहुतेक भिक्खू लावतात. धनादेश आणि बँकेचे कार्ड सोन्या-रुप्यात मोडते की चिठ्ठीत, यावर विनयाच्या जाणकारांचा वाद चालूच आहे.