फेरारी 250 जीटीओ आणि एन्झोने गंडवलेले इन्स्पेक्टर

250 जीटीओ या फेरारीच्या रेसिंग गाडीचा विषय निघाला की कोणीतरी तो किस्सा सांगतोच, की एफआयएचा (मोटर रेसिंगची आंतरराष्ट्रीय संघटना) नियम होता, जीटी वर्गात शर्यतीला मान्यता हवी तर 100 गाड्या बनवायचा, फेरारीने बनवल्या 36, आणि कंपनीचा संस्थापक एन्झो फेरारीने त्याच गाड्या इकडून तिकडे हलवून इन्स्पेक्टरांना पुन्हा पुन्हा मोजायला लावल्या. ऐकायला भारी आहे, एन्झोच्या स्वभावाला शोभतो पण, म्हणून तर साठ वर्षं चाललाय.

पण असं काही करायची गरजच नव्हती. जीटीओ नवी गाडी म्हणून पास झालीच नाही, ती कागदावर फेरारीच्याच आधीच्या 250 जीटी एसडब्ल्यूबी (शॉर्ट व्हीलबेस) गाडीची सुधारित आवृत्ती होती. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) तोच 2400 मिमी, इंजिन तेच 3 लिटरचं व्ही12, फक्त ड्राय संप (इंजिनाचं तेल वेगळ्या टाकीत ठेवायची व्यवस्था), सहा वेबर कार्ब्युरेटर, पाच स्पीडचा गिअरबॉक्स आणि वर एकदम वेगळी बॉडी. एसडब्ल्यूबी पुरेशा बनल्या होत्या आणि बॉडी बदलायला नियमात मुभा होती. पळवाट म्हणा हवं तर, पण उघड उघड आणि सही शिक्क्यासकट!

आणि खरंच एफआयएला गंडवणं इतकं सोपं असतं तर 1964 मध्ये फेरारीचीच 250 एलएम का अडकली? तिचं इंजिन ड्रायव्हरच्या मागे, म्हणजे जुन्या गाडीची सुधारणा म्हणून खपवणं अशक्य, 100 गाड्या काही झाल्या नव्हत्या, त्यामुळे जीटी म्हणून मान्यता नाकारली आणि ती प्रोटोटाइप, म्हणजे प्रायोगिक गाड्यांच्या वर्गातच पळवावी लागली. तरी 1965 ला ल मांची 24 तासांची शर्यत जिंकली ती वेगळी गोष्ट.